साथ, सेवक आणि भय : नागपूरच्या संदर्भात एक विचार

१९०१ च्या शिरगणतीत नागपूर शहराची लोकसंख्या १,२७,७३४ होती. १९११ मध्ये ती १,०१,४१५ भरली आणि १९२१ मध्ये पुन्हा १,४५,१९३ वर गेली. मधल्या शिरगणतीतील ही घट प्लेगची आहे. काही माणसे प्लेगने मेली, आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे प्लेगच्या धास्तीने शहर सोडून माळावरच्या झोपड्यांत, शेतमळ्यांत वा नातलगांच्या गावी जाऊन राहिली. साथीच्या इतिहासात मेलेल्यांची गणना होते आणि पळालेल्यांचीही अशी अप्रत्यक्ष नोंद राहते. परंतु तिसरा एक वर्ग होता. ज्यांना शहर सोडण्याची मुभा नव्हती, असा हा वर्ग होय. रुग्णालयातील डॉक्टर, हॉस्पिटल असिस्टंट, कंपौंडर, परिचारिका, वॉर्डातील नोकर, मैला व प्रेते वाहणारे कामगार हे त्या रिकाम्या झालेल्या शहरात मागे राहिले. त्यांच्या मनावर या दिवसांचा काय परिणाम झाला असेल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय नवा वाटतो, याचे कारण आपल्या साधनांतच आहे. प्लेगसंबंधीचे सरकारी अहवाल चाळले असता एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. भय, घबराट, अफवा, अज्ञान हे शब्द त्यांत प्रायः लोकांसाठी राखून ठेवलेले असतात. नोकरवर्गासाठी कर्तव्यनिष्ठा, तत्परता आणि स्वार्थत्याग हे शब्द योजिलेले असतात. जणू भय ही रुग्णालयाच्या दाराबाहेरची वस्तू होती. देशी वृत्तपत्रांनी हीच वाटणी उलट्या बाजूने केली. त्यांच्या लेखी लोक पीडित आणि नोकरवर्ग जुलमी. दोन्ही पक्षांच्या लिखाणात सेवकाला कर्तव्य आहे, अधिकार आहे, प्रसंगी दोषही आहे. मन मात्र नाही. नागपुरात वेड्यांचे इस्पितळ १८६४ पासून होते, तेव्हा मनाचेही रोग असतात ही कल्पना तत्कालीन वैद्यकास अपरिचित होती असे म्हणता येत नाही. मानसिक विकार हा रुग्णाला होतो, वैद्याला होत नाही, असा तो समज होता.

या मौनातून काही निष्कर्ष काढावयाचा तर प्रथम धोका आणि भय या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सामान्यतः आपण असे गृहीत धरतो की, जेथे धोका अधिक तेथे भय अधिक. साथींचा इतिहास याला पुष्टी देत नाही.

गाठीच्या प्लेगचेच उदाहरण घेऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढे तो लोहमार्गाने देशभर पसरला, शतकाच्या अखेरीस नागपुरात पोचला आणि दशकभर वारंवार उलटत राहिला. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे येर्सिन यांनी दाखविलेला होता; परंतु तो माणसापर्यंत कसा पोचतो याविषयी मतभेद होते. पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराची येथे उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविले, ते मत पुढे सातआठ वर्षांनी मान्य झाले. तोवर रोग्याचा स्पर्श, त्याचे कपडे, त्याच्या घरातील जमीन आणि हवा यांवर सर्वांचा संशय होता. प्रत्यक्षात, फुप्फुसांच्या प्लेगचा अपवाद वगळला तर, प्लेगच्या रुग्णालयातील नोकरांना हा रोग क्वचितच होत असे. ही गोष्ट त्या काळच्या निरीक्षकांच्याही ध्यानात आली होती. स्वच्छ, मोकळ्या, उंदीर नसलेल्या वॉर्डात काम करणारी परिचारिका ही शहरातील दाट वस्तीत राहणाऱ्या तिच्या शेजारणीपेक्षा अधिक सुरक्षित होती.

असे असूनही प्लेगच्या नोकरीइतकी धास्तीची नोकरी त्या पिढीत दुसरी नव्हती. कारण ही धास्ती मुख्यतः जंतूची नव्हती, ती माणसांची होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईच्या आर्थर रोडवरील साथीच्या रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारून टाकतात, अशी समजूत सर्वत्र पसरली होती. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने घरझडतीचे, रोगी हलविण्याचे आणि चीजवस्तू नष्ट करण्याचे अधिकार दिले, तेव्हा या समजुतीला प्रत्यक्ष अनुभवाचा आधार मिळाला. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु रँड हे वरिष्ठ अधिकारी होते. जमावाच्या रोजच्या संतापाला तोंड देणारा माणूस त्यांच्याहून पुष्कळ खालच्या पायरीवर उभा होता.

तो माणूस म्हणजे हॉस्पिटल असिस्टंट. इंग्रजी वैद्यकाचे मर्यादित शिक्षण घेतलेला, बेताच्या पगाराचा, देशी भाषा बोलणारा असा हा नोकर होता. (पुढे याच वर्गाला सब-असिस्टंट सर्जन हे अधिक भारदस्त नाव मिळाले, पगारात मात्र त्या मानाने भारदस्तपणा आला नाही.) काखेतील व जांघेतील गाठी तपासावयाच्या, रोगी लपविला असल्यास शोधावयाचा, आईच्या हातून मूल काढून घेऊन छावणीत पाठवावयाचे, ही कामे त्याच्या वाट्याची होती. साहेबाच्या दृष्टीने तो दुय्यम, आणि आळीतील लोकांच्या दृष्टीने तो फितूर. ज्या वाड्यात तो स्वतः भाड्याने राहत असे, त्या वाड्यातच उद्या झडतीसाठी उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकत असे. आणि स्वतःच्या घरी ताप आला तर कायदा त्यालाही लागू होता. दोन निष्ठांच्या मध्ये सापडलेल्या या माणसाने आठवणी लिहिल्या नाहीत, याचे आश्चर्य वाटावयास नको. त्या लिहिणे म्हणजे कोणत्या तरी एका बाजूची कबुली देणे झाले असते.

दोषारोपाचे भय कसे असते, याचा पुरावा मात्र अगदी वरच्या पायरीवरून मिळतो. प्लेगची लस तयार करणारे वॉल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. रोगाचे भय त्यांना नव्हते, असे यावरून खुशाल म्हणावे. परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. दोष प्रयोगशाळेवर, पर्यायाने हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. निर्दोष ठरावयास त्यांना १९०७ साल उजाडले. मुंबईतील प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले खरे. पण ज्या माणसाला प्लेगने हरविले नाही त्याला चौकशीने हरविले, असेच त्यांच्या उत्तरायुष्याकडे पाहून वाटते. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाची ही अवस्था. मग तालुक्याच्या दवाखान्यातील टोचणी करणाराची काय असेल, याची कल्पना करता येते.

सरकारी चाकरीबाहेरही सेवक होते, आणि त्यांची मनःस्थिती निराळी होती असे दिसते. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे देहावसान झाले. यशवंतराव १९०५ मध्ये प्लेगनेच वारले. लोकांनी या माय-लेकांच्या दवाखान्याला भ्यावे असे काही नव्हते. तेथे कोणाला शिपायाच्या पहाऱ्यात आणले जात नव्हते. नागपुरातही १८९६ मध्ये स्कॉटिश मिशनचे म्यूर मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते, आणि सरकारी मेयो रुग्णालय त्यापूर्वीच तीन दशकांहून अधिक काळ चालू होते. रोग एक, शहर एक. परंतु ज्या दारातून रोगी आपल्या पायांनी आत येतो त्या दाराशी उभे राहणे आणि ज्या दारातून तो ओढून आणला जातो त्या दाराशी उभे राहणे, यांत सेवकाच्या मनाच्या दृष्टीने महदंतर आहे.

१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ या सर्व गोष्टी उलट्या करून दाखविते, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहिले पाहिजे. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीतून ती शिरली; तिची पहिली लाट सौम्य होती, दुसरी लाट सप्टेंबरपासून आली आणि तिने अनर्थ केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांत मृत्यूचे प्रमाण सर्वात जास्त राहिले ते आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात. १९११ मध्ये या प्रांताची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३९ लाख होती, आणि दहा वर्षांनंतरही ती सुमारे १ कोटी ३९ लाखच भरली. दहा वर्षांची सारी वाढ एका साथीने गिळली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचा मोठा भाग महायुद्धामुळे मेसोपोटेमियासारख्या आघाड्यांवर होता. नागपूरचे रॉबर्टसन वैद्यकीय विद्यालय निघाले १९१४ मध्ये. म्हणजे प्रांताने स्वतःसाठी डॉक्टर तयार करावयास नुकतीच सुरुवात केली होती, तोच ही साथ येऊन आदळली.

या वेळी घरझडती नव्हती, सक्तीचे विलगीकरण नव्हते, कोणी कोणाला फितूर म्हणत नव्हते. लोक दवाखान्यापासून पळत नव्हते, उलट दवाखान्याकडे धाव घेत होते. प्लेगच्या काळातील सेवकाला जे हवे होते ते सारे १९१८ च्या सेवकाला मिळाले, आणि ते व्यर्थ गेले, कारण त्याच्या हाती देण्यासारखे काहीच नव्हते. क्विनीन, गुळण्या, थोडे ताप उतरविणारे औषध. यापलीकडे त्याची मजल नव्हती. रोग कशाचा आहे हेही त्याला माहीत नव्हते. फायफर यांनी वर्णिलेला जंतू त्याचे कारण म्हणून पाठ्यपुस्तकांत दिलेला होता आणि ते कारण चुकीचे होते. खरा विषाणू १९३३ मध्ये सापडला. शिवाय ही साथ लहान मुले व वृद्ध यांच्याइतकीच, किंबहुना अधिक आवेशाने, वीस ते चाळीस या वयोगटावर तुटून पडली. परिचारिकेचे, नव्या डॉक्टराचे, कंपौंडराचे वय हेच होते. समोरच्या खाटेवर निळे पडत जाणारे तोंड आपल्याच वयाचे आहे, आणि सकाळी शेजारी उभा असलेला सहकारी संध्याकाळी खाटेवर आहे, हा अनुभव प्लेगने दिला नव्हता.

याच सुमारास युरोपात एक घटना घडत होती. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी तोफगोळ्यांच्या माऱ्यात सापडलेल्या सैनिकांच्या मानसिक आघाताविषयी लेख लिहिला, आणि ज्याला आजवर भ्याडपणा म्हणत त्याला वैद्यकीय नाव मिळाले. मेसोपोटेमियाहून परत आलेल्या एखाद्या लष्करी डॉक्टराला हे नाव ऐकून ठाऊक असणे शक्य होते. पण तोच डॉक्टर मानमोडीच्या वॉर्डातून घरी गेल्यावर झोपेतून दचकून उठला असता, तर ते नाव त्याने स्वतःला लावले नसते. रुग्णालय ही रणभूमी नव्हे, असेच तेव्हा मानले जाई.

१९९४ च्या प्लेगाविषयी दोन वाक्ये पुरेत. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या तापाचे आणि सप्टेंबरमध्ये सुरत येथे फुप्फुसांच्या प्लेगचे रोगी आढळले, तेव्हा सुरतेतील अनेक खाजगी डॉक्टर दवाखाने बंद करून शहराबाहेर गेले आणि सरकारी रुग्णालयातील सेवक कामावर राहिले. पळून गेलेल्यांची निंदा पुष्कळ झाली, ती अयोग्य होती असे नाही. परंतु जे राहिले ते भय नसल्यामुळे राहिले, असा अर्थ त्यातून काढला गेला तो चुकीचा होता.

आता आपल्याच काळाकडे येऊ. ११ मार्च २०२० रोजी नागपुरात कोविडचा पहिला रोगी आढळला. ५ एप्रिल रोजी सतरंजीपुऱ्यातील एका रहिवाशाचा मृत्यू झाला, तो शहरातील या रोगाचा पहिला मृत्यू. आमदार निवासात विलगीकरणाची व्यवस्था झाली, आणि प्लेगच्या काळातील सारी शब्दावली, झडती हा शब्द तेवढा वगळून, शहरात परत आली. १८९७ ची परिस्थिती आणि १९१८ ची परिस्थिती या वेळी एकत्र झाल्या, हे या साथीचे वैशिष्ट्य होय. रोग श्वासावाटे पसरणारा होता, म्हणून सेवकाला धोका खराच होता. औषध प्रारंभी नव्हते, म्हणून असहायता होती. आणि संपर्कातील माणसे घरातून उचलून न्यावी लागत होती, म्हणून लोकांचा रोषही होता. त्यात पायापासून डोक्यापर्यंत झाकणारा पोशाख. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर असताना हा पोशाख तासन्‌तास चढवून, पाणी न पिता काम करणे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणे कठीण आहे.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर लोकांनी थाळ्या वाजवून सेवकांचा गौरव केला. त्याच आठवड्यात देशाच्या निरनिराळ्या शहरांतून डॉक्टर व परिचारिका यांना घरमालक घर सोडण्यास सांगत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. हा विरोधाभास अनेकांनी टिपला आहे. माझ्या मते त्यातील एक बाजू पुरेशी टिपली गेलेली नाही. शिक्षित, वरच्या थरातील वैद्यकीय व्यवसायिकाला आपल्या स्पर्शाची कोणाला भीती वाटते हा अनुभव बहुधा प्रथमच येत होता, आणि त्याचा धक्का त्याला तीव्रतेने बसला. वॉर्डातील मैला काढणाऱ्या, प्रेत बांधणाऱ्या कामगाराच्या जातीला हा अनुभव साथ नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या येत होता. तेव्हा बहिष्काराचा मानसिक परिणाम मोजावयाचा झाला तर दोघांना एकच मोजपट्टी लावता येणार नाही. डॉक्टराच्या बाबतीत साथीने काहीतरी नवे आणले. कामगाराच्या बाबतीत तिने जुन्याच गोष्टीला आरोग्यशास्त्राचे नाव मिळवून दिले.

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी सात हजारांहून अधिक नवे रोगी नोंदले गेले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मेयो ही दोन्ही रुग्णालये केवळ शहराची नव्हेत, तर साऱ्या पूर्व विदर्भाची आणि सीमेपलीकडील छिंदवाडा, बालाघाट भागाचीही आश्रयस्थाने आहेत. खाट कोणाला द्यावयाची, प्राणवायू कोणाला लावावयाचा, हा निर्णय त्या दिवसांत निवासी डॉक्टरांना आणि परिचारिकांना उभ्या-उभ्या घ्यावा लागला. नाशिक येथे २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूच्या टाकीतून गळती होऊन वीसहून अधिक रोगी दगावले. खाटेजवळ उभ्या असलेल्या सेवकाला त्या अर्ध्या-पाऊण तासात करता येण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. जे करणे योग्य हे माहीत आहे ते करता न येणे, आणि त्याचा दोष स्वतःकडे घेणे, याला आजचे मानसशास्त्र नैतिक आघात म्हणते. भयापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. भय साथीबरोबर ओसरते. हा आघात साथ संपल्यावर, खाटा रिकाम्या झाल्यावर, वेळ मिळाल्यावर जाणवू लागतो.

या वेळी निदान मोजमाप झाले. चीनमध्ये २०२० च्या आरंभी ३४ रुग्णालयांतील १,२५७ सेवकांची पाहणी झाली, तीत ७१ टक्क्यांहून अधिकांत मानसिक त्रासाची आणि निम्म्यांत खिन्नतेची लक्षणे आढळली. परिचारिका, स्त्रिया आणि प्रत्यक्ष रोग्यांजवळ काम करणारे यांत ती अधिक होती. त्याआधीची एक पाहणी मला अधिक उद्बोधक वाटते. २००३ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे सार्स रोगाची साथ आली, तीत रोग झालेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक रुग्णालयांचे सेवकच होते. साथीनंतर एक-दोन वर्षांनी त्या शहरातील सेवकांची तुलना साथ न पोचलेल्या जवळच्या शहरातील सेवकांशी केली असता, पहिल्यांत थकवा, उद्वेग आणि रोग्यांशी संपर्क कमी करण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. ज्यांना आपल्याला पुरेसे शिक्षण, संरक्षण आणि संस्थेचा आधार मिळाला असे वाटत होते, त्यांत हे परिणाम कमी होते. हाफकिन यांची चौकशी आणि हॉस्पिटल असिस्टंटाची कोंडी यांवरून आपण जो तर्क केला, त्याला येथे मोजमापाचा दुजोरा मिळतो. सेवकाचे मन रोगाच्या घातकतेने जितके खचते, त्याहून अधिक ते आपल्यामागे कोणी उभे आहे की नाही या शंकेने खचते.

या दृष्टीने ‘कोरोना योद्धा’ या बिरुदाकडे पाहिले पाहिजे. प्लेगच्या अहवालातील स्वार्थत्याग आणि २०२० मधील योद्धा हे एकाच कुळातील शब्द आहेत. दोन्ही शब्द देणाऱ्याला काही खर्च पडत नाही, आणि घेणाऱ्याला मात्र ‘मला भीती वाटते’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. १५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा सेविका संपावर गेल्या. घरोघर जाऊन तापमान व प्राणवायूची पातळी तपासण्याचे काम त्यांनीच केले होते; त्या मानधनावर होत्या, वेतनावर नव्हत्या. योद्धे संपावर कसे जातात, असा प्रश्न तेव्हा काहींनी विचारला. संप आठवड्याभराने मागे घेतला गेला आणि पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आशा सेविकांचा गौरव केला.

कायद्याचाही प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. १८९७ च्या साथरोग कायद्याचे चौथे कलम सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावर दावा लावता येणार नाही असे सांगत होते. म्हणजे त्या काळी कायद्याला सेवकाचे संरक्षण सुचले ते लोकांच्या तक्रारीपासून. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या दुरुस्तीने सेवकावरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरविला, शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली, आणि राहत्या वा कामाच्या जागी सेवकाला दिलेला त्रासही हिंसेच्या व्याख्येत घेतला. घरमालकाने बाहेर काढलेल्या परिचारिकेला या व्याख्येत जागा आहे. एप्रिल २०२१ मधील रात्रींना मात्र कोणी हल्लेखोर नव्हता, म्हणून त्या या कायद्याच्या कोणत्याही कलमात बसत नाहीत.

हॉस्पिटल असिस्टंटाची आणि १९१८ च्या परिचारिकेची साक्ष आता मिळणार नाही. २०२०-२१ मध्ये या शहरात काम केलेले लोक मात्र आज आपल्यात आहेत; त्यांपैकी पुष्कळांच्या नोकऱ्या कंत्राटी होत्या आणि कंत्राट संपताच ते इतरत्र विखुरले गेले. विद्यापीठाच्या इतिहास आणि मानसशास्त्र या दोन विभागांनी एकत्र येऊन त्यांची कथने नोंदवून घेण्याचे काम हाती घ्यावे. निवासी डॉक्टर लिहू शकतात, आणि काहींनी लिहिलेही आहे. तेव्हा प्रारंभ वॉर्डातील सफाई कामगार, रुग्णवाहिकांचे चालक आणि गंगाबाई घाट, मोक्षधाम येथे त्या दिवसांत काम केलेली माणसे यांच्यापासून व्हावा, आणि कथने त्यांच्याच बोलीत, न सुधारता उतरून घ्यावीत.